चारशे सदतीस

माउस या वस्तूबद्दलची तुच्छता तिने कधी लपवली नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी टेबलावरचा माउस वायर गुंडाळून तिने खालच्या खणात टाकला होता, आणि सात वर्षं तो तिथेच धूळ खात पडला होता. एकोणिसाव्या वर्षी तिची दृष्टी गेली होती, त्यामुळे पडद्यावरचा बाण तिच्या काय कामाचा, हे खरंच. पण ती तसं कारण देत नसे. "बोटांत अक्कल नसेल त्याला लागतं ते खेळणं," असं म्हणून मोकळी होई.

ऑफिसात तिला टकटकताई म्हणत. दवाखान्यांसाठी लागणारं एक सॉफ्टवेअर तिथे बनायचं: बाळाचं वजन घाला, औषध किती द्यायचं ते सांगेल. ते बरोबर सांगतंय का, हे तपासायला चारशे सदतीस छोट्या टेस्ट होत्या. प्रत्येक टेस्ट कोडला एकच प्रश्न विचारायची. ताई दोन बटणं दाबून सगळ्या टेस्ट चालवायची आणि निकाल कानाने वाचायची. एका कानात इयरफोन, खालच्या बाणाच्या बटणावर बोट, आणि कॉम्प्युटरचा आवाज इतका वेगात ठेवलेला की दुसऱ्याला वाटावं कुणीतरी तव्यावर मोहरी टाकली. नव्या मुली कौतुकाने ऐकायला मागत. ती इयरफोन द्यायची, त्यांचे "अगंबाई" ऐकायची आणि मनातल्या मनात नाक मुरडायची. हळू आवाज लावणारी माणसं तिच्या लेखी बालवाडीतली होती.

सगळ्यात खालच्या पायरीवर होते तिचे टीमलीडर. त्यांना हिरव्या रंगाचं वेड होतं. टेस्ट पास झाली की हिरवं, फेल झाली की लाल, एवढंच त्यांना कळायचं. खाली काय लिहिलंय ते वाचायचा माणसाने किती कंटाळा करावा! महिनाभर खटपट करून त्यांनी भिंतीवर टीव्हीएवढा पडदा लावून घेतला. टेस्टच्या प्रत्येक गटाला एक गोल ठिपका. सगळे ठिपके हिरवे असले की रिलीज, म्हणजे माल दवाखान्यात जाणार.

"ताई, आता तुम्हाला त्रास नको," टीमलीडर मधाळ आवाजात म्हणाले होते. "गुरुवारचं रिलीज या पडद्यावरून नीट पार पडलं, की तुम्हाला रिसेप्शनला घेऊ. फोनवर तुमचा आवाज किती छान वाटेल!"

तिने घरी वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणाली, "पगार तोच ना? मग झालं तर." ताई त्या दिवशी मग वहिनीशी बोलली नाही. सात वर्षं चारशे सदतीस टेस्ट ऐकणाऱ्या बाईने आता "कृपया थांबा, जोडून देते" म्हणायचं? त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

गुरुवार उजाडला. रिलीज चारला होतं. तीनला सगळे पडद्यासमोर जमले. मोठ्या मॅनेजरबाईही आल्या.

"सगळं हिरवंगार!" टीमलीडर म्हणाले. टाळ्या पडल्या. ठिपके बघून टाळ्या वाजवणाऱ्या या मोठ्या माणसांची ताईला कीव आली. तिने आपल्या जागेवर बसून दोन बटणं दाबली. मोहरी तडतडली. शेवटची ओळ आली: चारशे बारा पास, शून्य फेल.

तिने ती ओळ पुन्हा ऐकली. चारशे बारा. फेल काहीच नाही, म्हणून सगळं हिरवं. पण पंचवीस टेस्ट गेल्या कुठे?

तिच्या छातीत आनंदाची उकळी फुटली. हे लपवण्यात अर्थ नाही, आनंदच तो. ती उभी राहिली.

"साहेब, चारशे सदतीसच्या जागी आज चारशे बाराच टेस्ट चालल्यात. पंचवीस टेस्ट तुम्ही कुठे पुरल्यात?"

टीमलीडर चाचरले. "असं कसं होईल? मी काही... अहो, पडदा तर हिरवा आहे."

"पडदा काय, भिंतीलाही हिरवा रंग देता येतो! फेल होत असतील म्हणून उडवल्या असणार. शोधून देते, थांबा."

ती खाली बसली. बोटं चालू लागली. गटांमागून गट उघडत ती एक किलोच्या आतल्या बाळांच्या गटाशी आली. तिथे सव्वीस टेस्ट होत्या. पंचवीस ओळींना खूण लावलेली होती. ती खूण लावली, की कॉम्प्युटर त्या ओळी नसल्यासारखाच वागतो. उरलेली एक टेस्ट पास, म्हणून गटाचा ठिपका हिरवा. खूण कुणी लावली, हे विचारायलाही एक बटण असतं. तिने ते दाबलं.

कानात तिचंच नाव आलं. बुधवार, संध्याकाळी पाच चाळीस.

आणि तिला सगळं आठवलं. एक टेस्ट सारखी अडत होती. डोळ्यांना नको ती ओळ टाळता येते, कानाला टाळता येत नाही. बाकीच्या पंचवीस टेस्टची बडबड मध्ये नको, म्हणून तिने त्यांना खुणा लावून बंद केलं होतं. अडलेली टेस्ट दुरुस्त झाली, "पास" ऐकू आलं, आणि रिसेप्शनच्या विचाराने डोकं भणभणत असताना तिने तसाच कोड जमा करून पर्स उचलली होती. सगळ्या टेस्ट शेवटी एकदा चालवायच्या, हा तिचाच नियम होता. तो न पाळणाऱ्यांना तिने काय काय म्हटलं नव्हतं!

मागे टीमलीडर कुणाच्या तरी कानाशी "मी नाही हो, शपथ" असं पुटपुटत होते. ते नाव फक्त तिच्या कानात होतं. आता खुणा गुपचूप काढल्या असत्या, तर तिची वाहवा झाली असती, टीमलीडर तोंडघशी पडले असते आणि रिसेप्शनचं नाव कुणी काढलं नसतं. त्या माणसाबद्दल तिला अजूनही काडीचा आदर वाटत नव्हता. पण त्याच्या नावावर आपलं पाप खपवणारी बाई त्याच्याहूनही हलकी ठरली असती, आणि तिच्याबरोबर ताईला रोज घरी राहावं लागलं असतं.

तिने इयरफोनची वायर ओढून काढली. आवाजाचा वेग कमी केला, आणखी कमी केला, बालवाडीपर्यंत आणला. मग तेच बटण पुन्हा दाबलं. कॉम्प्युटरने सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं तिचं नाव, वार आणि वेळ सांगितली.

"मीच," ती म्हणाली. "साहेबांनी काही केलेलं नाही."

टीमलीडरांच्या तोंडून सुटकेचा मोठा श्वास बाहेर पडला. "म्हणजे बघा, ताईंचीच..."

"थांबा जरा," मॅनेजरबाई म्हणाल्या. "ताई, त्या टेस्ट चालू करा आधी."

तिने खुणा काढल्या आणि दोन बटणं दाबली. कॉम्प्युटर हळूहळू, शब्द सुटा करत बोलू लागला: चारशे छत्तीस पास, एक फेल. वजन नऊशे ग्रॅम. औषध हवं त्याच्या दहापट. भिंतीवर एक ठिपका लाल झाला. हिशेबाची ती ओळ कुणी बदलली, हे तिने त्याच बटणाला विचारलं, आणि कॉम्प्युटरने टीमलीडरांचं नाव आणि बुधवारची दुपार सांगितली.

रिलीज थांबलं.

"मग आता आम्ही भरवसा कुणावर ठेवायचा?" मॅनेजरबाईंनी विचारलं. "पडद्यावर, की तुमच्यावर?"

"कुणावरच नको," ताई म्हणाली. "रिलीजच्या आधी कुणीतरी आकडा मोठ्याने वाचायचा. मी रिसेप्शनला गेले तरी."

मॅनेजरबाई म्हणाल्या, "तुम्हीच वाचा. आणि तुम्ही बरोबर वाचताय का, ते साहेब तपासतील."

हे शेवटचं फार झोंबलं. पण तिने ते मुकाट्याने गिळलं, कारण ते रास्त होतं.

शुक्रवारी हिशेबाची ओळ दुरुस्त करून टीमलीडर खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसले. तिने इयरफोन काढून ठेवला आणि आवाज कालच्याच वेगावर राहू दिला. एकेक टेस्ट सरकत होती. बालवाडी, ती मनात म्हणाली, आणि या वेळी त्यात स्वतःलाही धरलं. पाऊण तासाने शेवटची ओळ आली.

"चारशे सदतीस," ती म्हणाली.

"चारशे सदतीस," ते म्हणाले.