मेक्सिकन बँड आणि माझं फुटलेलं बिंग

मंडळी, आज मी स्वतःच्याच गाडीत रंगेहाथ पकडले गेले!

सकाळी आम्ही तिघं, इथे आखातात, आमच्या महबूलाहून शेजारच्या फिंतासला भाजी आणायला निघालो होतो. आमच्या पंधरा वर्षांच्या सईच्या लाडक्या मेक्सिकन रॉक बँडचा नवा अल्बम आलाय. तिने तो गाडीत लावला आणि फर्मान सोडलं, "मार्क्स द्या!" तेही इंग्रजीत. घरात ती मराठी बोलतच नाही.

नवरा म्हणाला, "एक शब्द कळला नाही, पण ड्रमवाला आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत चालेल. दहापैकी सात."

मी तावातावाने म्हटलं, "पाच! गिटार फार गुळगुळीत केलीय. मागच्या अल्बममध्ये कशी खरखरीत होती!"

सईने गाणंच थांबवलं.

"मम्मा, यू हर्ड द लास्ट वन?"

ऐकला म्हणजे काय! वर्षभर रोज, तिला शाळेत सोडून ऑफिसला जाताना. तिच्या कानात सतत हेडफोन, म्हणून ही पोर ऐकते तरी काय ते बघायला लावला होता. मग आवडायलाच लागला.

वाटलं, आता रुसणार. पण भाजी घेऊन घरी येईपर्यंत ती माझ्याशी कडाकडा भांडली. "पाचच कसे गं आई? नीट ऐक ना परत!"

चक्क मराठीत!

तुम्ही मुलांचं काय काय गुपचूप ऐकता? खरं सांगा हं.