बर्फाच्या खोलीचं दार

‘बर्फाच्या खोलीचे दार रोज पहाटे सुमारे दोन तास उघडे असते. बाहेरच्या व्यक्ती आत येतात. ही पद्धत तात्काळ बंद करावी. खर्च शून्य.’

ही वाक्यं माझी आहेत. मालवणच्या बाजूच्या एका बर्फाच्या कारखान्याच्या ऊर्जा अहवालात, खाली माझी सही. त्या अहवालातलं बाकी काही आता आठवत नाही, एवढं मात्र पाठ आहे.

मी त्या कामात आले ती पत्रकं वाटता वाटता. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला होता, नोकरी नव्हती, आणि किनाऱ्यावर विजेचा मोठा प्रकल्प येणार अशी बोलवा होती. आम्ही पाच-सहा जणं एसटी स्टँडवर, जत्रांत उभं राहून पत्रकं वाटायचो. लिहायचे मी. ‘आधी उधळपट्टी थांबवा, मग आमच्या समुद्राकडे बघा,’ हे माझं वाक्य होतं आणि मला त्याचा भारी अभिमान होता. त्या वर्षांत दिवसाचे कितीतरी तास भारनियमन. गावं अंधारात, आणि हायवेवरच्या लॉजच्या पाट्या जनरेटरवर झगझगीत. राग यायला वेगळं कारण लागत नव्हतं.

कुडाळच्या एका चहाच्या टपरीवर एका वायरिंगच्या कंत्राटदाराने माझं पत्रक पूर्ण वाचलं. असं करणारा तो पहिलाच. घडी घालून खिशात ठेवत म्हणाला, “लिवतंस बरा. पण पत्रकां वाटून कोणाचो मीटर थांबता काय गो?”

मी भांडले. त्याने भांडू दिलं, चहा सांगितला, आणि आठ दिवसांनी मी त्याच्याकडे कामाला होते.

त्याचा धंदा साधा होता. लॉज, हॉस्पिटल, काजूचे आणि बर्फाचे कारखाने, सगळे बिलांनी टेकीला आलेले. हा जाऊन सांगायचा, तपासणी फुकट करतो. बिल जेवढं उतरेल त्यातला पहिल्या वर्षाचा वाटा आमचा. मग मी जायचे. जाड वायरीला चिमट्यासारखा मीटर धरून करंट मोजायचा, खोल्यांत तापमान नोंदणारं डबडं ठेवायचं, मोटरी, पंप, दिवे एकेक लिहून काढायचे. पुरुष हसायचे. एका लॉजचा मॅनेजर मला मीटर रीडिंगवाली समजून बिल कमी करून मागायला लागला. मला फरक पडत नव्हता. वाचलेलं प्रत्येक युनिट मी त्या प्रकल्पाच्या विरोधात मांडत होते. कंत्राटदार ते आपल्या वाट्यात मांडत होता. आमचं जमत होतं.

त्याने मला एकच गोष्ट शिकवली होती. “वस्तू बदलूची असली की मालक धा दिवस इचार करता. फुकटात बंद करण्यासारखा काय गावता तां आधी बघ.” मालकाला खर्च नाही, आम्हाला वाटा लगेच.

बर्फाच्या कारखान्यात मला ते गावलं. तयार लाद्या ज्या खोलीत रचून ठेवतात तिथे मी आठवडाभर डबडं ठेवलं होतं. कुडाळच्या ऑफिसात बसून त्याचा आलेख काढला तर रोज पहाटे तापमानाची रेघ वर चढलेली. मी मुकादमाला फोन केला.

“पहाटे काय होतं तिथे?”

“काय होवचा? दार उघडा रवता. होड्यांचो बर्फ भरूचो असता. आणि बायका येतत.”

“कसल्या बायका?”

“मासेवाल्या. बर्फाचो चुरो झाडून नेतत. आधीपासून येतत.”

मी फोन ठेवला आणि ती वाक्यं लिहिली. पहाटे एकदा जाऊन बघावं असं मनातही आलं नाही. रेघ दिसत होती ना. पत्रकांत मी ज्यांना ‘कष्टकरी भगिनी’ लिहायचे त्यांना अहवालात ‘बाहेरच्या व्यक्ती’ लिहिलं, आणि लिहिताना हात अडला नाही.

माझी सख्खी मावशी मासे विकायची. पहाटे बंदरावरून पाटी भरून, एसटीने कणकवली, तिथून फोंडाघाट. घाटाच्या पायथ्याचा तो बाजार, समुद्रापासून लांब. तिथे मासा ताजा पोचवायचा तर पाटीत बर्फ पाहिजेच. तिची गिऱ्हाइकं ठरलेली, बसायची जागा ठरलेली. नवरा वारल्यानंतर त्या जागेवर तिने घर चालवलं होतं. तिला बर्फ कारखान्यातून मिळतो हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं लिहिलं तर मला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. मी मनात दोन गोष्टी जोडल्या नाहीत, इतकंच.

पुढच्या महिन्यापासून दार बंद झालं. होड्यांचा बर्फ घाईघाईने बाहेर काढायचा, लगेच दार लावायचं, बायका फाटकाबाहेर. पहिलं बिल उतरलं. कंत्राटदाराने ऑफिसात पेढे आणले.

त्याच सुमाराला मी मावशीकडे गेले होते. ती ओट्यावर बसून पाटीचा तळ धूत होती. दुपारची घरात दिसली म्हणून विचारलं, बाजारात नाही गेलीस?

“जावन काय करू? फॅक्टरीचा दार आता आमका बंद. कोण एक मॅडम इल्ली म्हणतत, कसल्या पेटयेत बघून गेली. तिना लिवन दिल्यान, बायकांमुळे थंडी बाहेर जाता.” पाटी पालथी घालून तिने थोपटली. “तिका काय. तिच्या घरात फ्रीज असतलो.”

आमच्या घरात फ्रीज नव्हता.

मग तिने बाजाराचं सांगितलं. अर्धी लादी विकत घेतली तर माशात काही उरत नाही, आणि ती पाटीत मावतही नाही. म्हणून मासे ओल्या गोणपाटात गुंडाळून नेले. फोंड्याला पोचेपर्यंत सरंगे नरम पडले. तिथल्या खानावळवालीने, बारा-पंधरा वर्षांच्या गिऱ्हाइकाने, मासा उचलला, नाकाला लावला आणि सगळ्यांदेखत परत पाटीत टाकला.

“आजपर्यंत माझो मासो कोणी नाकाक लावन बघूक नाय,” मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. मी चहा पिऊन उठले.

गप्प राहिले मी. एरवी दिसेल त्या साहेबाला तोंडावर बोलणारी. घरी जाताना मनाशी वाद घालत होते की वीज तर वाचली ना, कुणाला तरी झळ बसणारच. प्रकल्पवाले अगदी हेच म्हणायचे. ते मला वाटेतच उमगलं, तरी परत फिरले नाही.

शिमग्याच्या आसपास कारखान्याचं बिल पुन्हा वर गेलं, आधीपेक्षाही वर. मालक तापला, कंत्राटदाराने मला पाठवलं. या वेळी मी पहाटे गेले.

फाटकाबाहेर चार बायका रिकाम्या पाट्या घेऊन उभ्या होत्या. अजूनही येत होत्या, आशेने. मावशी त्यांच्यात नव्हती. आत खोलीचं दार गडी खांद्याने लोटत होता आणि ते बोटभर उघडंच राहत होतं. खाली उंबऱ्याच्या खाचेत बर्फ दगडासारखा धरला होता. एकजण पहारीने तो फोडत होता. दाराच्या कडेचं रबर फाटून लोंबत होतं.

लाद्या घसरत बाहेर येताना कडा फुटतात. तुकडे उंबऱ्यात पडतात. दार लावलं की तेच तुकडे गोठून घट्ट बसतात, मग दार चिकटत नाही, आणि दोन तासांच्या जागी दिवसभर थंडी बाहेर जाते. पूर्वी हे होत नव्हतं, कारण बायका रोज पहाटे माडाच्या हिरांच्या झाडूने ती खाच नखाएवढा बर्फ न ठेवता झाडून न्यायच्या.

“हे तुम्ही का नाही झाडत?” मी मुकादमाला विचारलं.

“आमचा काम लाद्यांचा. झाडणा त्यांचा होता. तुमीच बंद केलास मा?”

दुसरा अहवाल मी त्याच दिवशी लिहिला. कंत्राटदाराने वाचून बाजूला ठेवला. “ह्यां दिलंस तर आपणच चुकलो असो अर्थ होता. रबर बदल म्हणान लिव. प्लॅस्टिकचो पडदो लावक सांग. दोन्ही आपल्याकडेच गावतत.”

मी कागद उचलला आणि थेट मालकाकडे गेले. तो ऑफिसात शुद्ध मराठीत बोलणारा माणूस. दोनदा वाचून म्हणाला, “म्हणजे या बायका फुकट काम करत होत्या?”

“हो. आणि तुम्ही त्यांना फाटकाबाहेर काढलंत.”

“मी?” त्याने खणातून पहिला अहवाल काढून माझ्यापुढे सरकवला. “बाहेरच्या व्यक्ती. सही कोणाची आहे बघा.”

पुढच्या सोमवारपासून त्याने दार उघडलं, बिलासाठी. न्यायासाठी उघडलं असतं तर मला आवडलं असतं. पडदाही लागला, तो कंत्राटदाराने विकला.

मग मी मावशीकडे गेले. हातात चांगली बातमी आल्यावर गेले, त्याआधी नाही, हेही लिहून ठेवते.

“मावशे, ती मॅडम मीच.”

ती सुकटातला कचरा निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, “ल्हान असताना माझ्या पाटयेतलो बर्फ चोखीत बसायचंस. तेवा कधी इचारूक नाय, खंयसून येता तो?”

“दार उघडलंय. सोमवारपासून.”

“आयकलंय.”

आठवड्याने ती जायला लागली. एका पहाटे मीही तिच्याबरोबर गेले. तिने दुसरी झाडू माझ्या हातात दिली. खाच झाडताना बोटं बधिर होतात, मग दुखतात, मग काही कळेनासं होतं. माझी निम्मी खाच तिने पुन्हा झाडली.

पाटी भरून ती एसटीत चढली. कणकवलीच्या पुढे मात्र ती गेली नाही. फोंड्याच्या तिच्या जागेवर आता देवगडकडची एक बाई बसते, टेम्पोने थर्माकोलचे डबे घेऊन येते, आणि खानावळवाली तिच्याकडूनच घेते. मावशी एकदा जाऊन लांबून बघून आली होती. कणकवलीत ती दारोदार फिरायला लागली, डोक्यावर पाटी घेऊन, साठीच्या घरात आल्यावर.

मी ते काम सोडलं नाही. पुढेही काही वर्षं तपासण्या केल्या, त्यावर पोटही भरलं. पहाटे गेल्याशिवाय मात्र कुठल्या दाराबद्दल लिहिलं नाही. मावशीला त्याचा काही उपयोग नव्हता. ती घरी आली की अजूनही दुपारची पाटी धुते, आणि मी समोर असले तर पाठमोरी बसून धुते.