समोरच्या टेबलावरून दिसेल अशी पाटी

"हे नाव कोणी वाचायचं आहे?" अक्षरवालीने विचारलं.

प्रश्न साधाच होता. ही बाई लोकांना त्यांच्या नावांचे लोगो काढून द्यायची आणि येईल त्याला आधी हेच विचारायची. कोणी म्हणायचं गिऱ्हाइकांनी, कोणी म्हणायचं साऱ्या जगाने. खुर्चीवाली म्हणाली, "माझ्या नवऱ्याने." मग म्हणाली, "म्हणजे, आता तो नवरा नाही. पण वाचायचं त्यानेच."

अक्षरवालीने पेन्सिल खाली ठेवली आणि चहा सांगितला. हे प्रकरण लवकर आटोपणारं नाही, एवढं तिला कळलं.

आणि खरंच, दुखणं जुनं होतं. बारा वर्षं खुर्चीवाली आणि तिचा नवरा जुन्या खुर्च्या-सोफे नव्याने भरून द्यायचं दुकान चालवत होते. चालवत होते म्हणजे काय, तो दारात उभा राहून गोड गोड बोलायचा आणि ही आत टेबलाशी वाकून पट्टे ताणायची, स्प्रिंगा बांधायची, बारीक खिळे ठोकायची, दाभणाने बोटं फोडून घ्यायची. काम झालं की बैठकीच्या खालच्या अंगाला एक कापडी लेबल शिवायचं. तेही हिनेच शिवायचं, आणि त्यावर नाव त्याचं. एकट्याचं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. सांगायची तेव्हा तिचा आवाज चढलेला असायचा.

मग एक दिवस एका गिऱ्हाईक बाईंनी सोफ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "अहो, हे काम कोणाचं? इतकी सुबक शिवण मी पाहिली नाही." खुर्चीवालीने आतून मान वर केली. नवरा हसून म्हणाला, "आमचंच की. आणि ही असते मदतीला."

मदतीला! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं दाभण तिने टेबलावर ठेवलं ते ठेवलंच. पुढे घर सुटलं, नातं सुटलं. दुकान त्याच्या वडिलांचं, ते त्याच्याकडे राहिलं. ही आपली हातोडी घेऊन आईकडे आली. रोज जेवताना तो एक शब्द घासाबरोबर वर यायचा, मदतीला, मदतीला, आणि घास जायचा नाही.

एवढ्या मोठ्या शहरात तिला दुकान कुठेही थाटता आलं असतं. तिने जागा घेतली ती नवऱ्याच्या बरोब्बर समोर, वरच्या मजल्यावर. गल्ली इतकी अरुंद, की त्याने खाली शिंकावं आणि हिने वर नाक पुसावं. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, सबंध शहरात तुला हीच जागा मिळाली?"

"मिळाली नाही गं. शोधली."

तर अक्षरवालीला तिने सांगितलं ते असं. चित्र नको, खुर्ची नको, फूल नको. नुसतं माझं नाव. मोठं. त्याने सकाळी कुलूप काढलं की दिसलं पाहिजे आणि संध्याकाळी लावलं की दिसलं पाहिजे. "बारा वर्षं त्याचं नाव मी शिवलं. आता माझं त्याने वाचावं. रोज. अजीर्ण होईपर्यंत."

अक्षरवालीने तिच्यापुढे कागद सरकवला. "तुम्हीच लिहा एकदा." खुर्चीवालीने लिहिलं. अक्षर कसलं, सगळी वळणं हात बांधून उभी! अक्षरवाली म्हणाली, "अहो, अर्ज करताय का कोणाकडे?" दहा कागद फुकट गेले तरी नाव काही मोकळं होईना.

ते मोकळं झालं खुर्चीवालीच्या दुकानात. तिथे एक खुर्ची उलटी घालून ठेवली होती आणि आतल्या गोणपाटावर खडूने काहीबाही खुणा केल्या होत्या. 'इथे ताण', 'डावा कोपरा', 'जाड दोरा'. अक्षरवाली गुडघ्यांवर बसली आणि बघतच राहिली. "हे कोणी लिहिलं?"

"मीच. दुसरं कोण लिहिणार?"

"मग कागद कशाला नासवत होतो आपण? आणा तो खडू."

खुर्चीवालीने गोणपाट ताणून त्यावर आपलं नाव लिहिलं, कामाच्या घाईत लिहावं तसं. आधी अक्षरं, आणि सगळ्यात शेवटी वरची शिरोरेषा, एका झटक्यात ओढलेली. खडू विणीवर अडखळत गेला, त्यामुळे रेघ सुरुवातीला जाड, पुढे विरळ होत नावाच्याही बाहेर निघून गेलेली. अक्षरवालीने टाळीच वाजवली. पुढे कित्येक दिवस ती त्या नावावर बसली होती. कडा थोड्या साफ केल्या, पण खडूचा खरखरीतपणा ठेवला. गुळगुळीत केलं तर ते तुमचं राहणार नाही, म्हणाली. लेबलाएवढं लहान केल्यावर अक्षरांची पोटं बुजायला लागली, म्हणून लहान आकारासाठी तीच अक्षरं तिने जरा मोकळी करून पुन्हा काढली. आणि ती वरची रेघ तिने धरून ठेवली. नाव जिथे जाईल तिथे रेघ पुढे धावणार. पिशवीवर पिशवीभोवती फिरणार, लेबलावर शिवणीचा टाका होणार, गाडीवर दारापासून मागच्या टोकापर्यंत जाणार. लोकांनी नाव वाचलं नाही तरी रेघ ओळखली पाहिजे.

काम सुंदर झालं होतं. अक्षरवालीला वाटलं, आता बाई खूश होतील आणि सगळं सुरळीत पार पडेल.

कसलं सुरळीत! रंगावरून पहिली ठिणगी पडली. अक्षरवाली म्हणाली, गडद निळा घ्या, कामाला शोभेल. खुर्चीवाली म्हणाली, नारिंगी. भडकातला भडक. "का?" "नारिंगी कापड आणलं की त्याचं डोकं उठायचं. म्हणून." बरं, नारिंगी तर नारिंगी.

मग पाटी. पाटी गल्लीच्या तोंडाकडे हवी, येणाऱ्याला लांबून वाचता येईल, हे कोणीही सांगेल. खुर्चीवालीने ती तिरकी लावायला सांगितली. ज्या टेबलाशी तिने बारा वर्षं मान मोडली, त्या टेबलावरून डोकं वर केलं की काय दिसतं, हे तिला पाठ होतं. समोरच्या खिडकीच्या वरची पट्टी दिसते. पाटी तिथेच आणि त्याच कोनात.

"अहो, रस्त्यावरच्या माणसाला धड वाचता येणार नाही," अक्षरवाली कळवळून म्हणाली.

"न येऊ दे. आणि ती रेघ पुढे जाते ना, ती वळवा. त्याच्या दाराकडे जाऊ दे. बोट दाखवल्यासारखी."

अक्षरवालीने हात टेकले. रेघ वळवली.

पाटी चढली त्या दिवशी खुर्चीवालीने आपलं कामाचं टेबल ओढून खिडकीशी आणलं, खुर्ची गल्लीकडे तोंड करून मांडली आणि वाट बघत बसली. नवरा बाहेर आला. वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आत गेला आणि दार लावून घेतलं. काय सांगू, तिला इतका आनंद झाला की तिने आईला मिठी मारली. "बघितलंस? चेहरा बघितलास त्याचा?" आई म्हणाली, "मला इथून त्याचं टक्कल दिसलं."

त्यानंतर तिने काही मागेपुढे पाहिलं नाही. पिशव्या आल्या, एप्रन आले, गाडी रंगवली. प्रत्येक वेळी अक्षरवालीचा प्रश्न ठरलेला आणि हिचं उत्तर ठरलेलं. पिशवी अशी धरली जावी की त्याच्या दारावरून जाताना नाव त्याच्या बाजूला येईल. गाडी अशी उभी राहावी की त्याने शटर उघडताना तिची रंगवलेली बाजूच समोर यावी. कधी त्याच्या दुकानात भरलेली जुनी खुर्ची दुरुस्तीला आली, तर पहिलं काम म्हणजे उलटी करून त्याचं लेबल उसवायचं. टाके आपलेच होते, कुठला कापला की सबंध सुटतो हे ठाऊक होतं. मग तिथे आपलं नारिंगी लेबल. त्या वेळी ती गाणं गुणगुणायची.

गिऱ्हाईक मात्र येईना. पाटी वाचताच येत नव्हती, तर येणार कुठून? आई म्हणायची, "त्याच्या नाकावर टिच्चून झालं असेल तर आता चार पैसे मिळव." ही ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि खिडकीतून खाली बघायची.

मग एके सकाळी एक आजोबा मोडकी आरामखुर्ची घेऊन धापा टाकत जिना चढले. "खुर्च्या भरून देतात ते इथेच ना? फोनवर बोलणं झालंय माझं. ते म्हणाले, नारिंगी पाटी दिसेल. तिच्यावरची रेघ जिकडे जाते तिकडे या. पण मला काही ती रेघ नीट कळली नाही."

खुर्चीवालीच्या हातातली हातोडी तशीच राहिली. म्हणजे हा माणूस तिच्या नावाकडे बोट करून गिऱ्हाइकांना आपल्या दाराची वाट सांगत होता! तिच्या नावाचा त्याने रस्त्यावरचा खांब केला होता. आणि रेघ तिनेच वळवून घेतली होती, हट्टाने, भांडून. तिने इतके दात-ओठ खाल्ले की आजोबा घाबरून म्हणाले, "चुकलो का मी?"

"नाही हो आजोबा," ती म्हणाली. "ते समोर, खाली आहेत. पण आता एवढे चढून आलात तर बसा. बघू तरी काय झालंय."

तिने खुर्ची उलटी केली आणि कुठला पट्टा तुटलाय, कुठली स्प्रिंग बसलीय ते दाखवलं. आजोबा खाली गेलेच नाहीत. त्यांच्यामागून एक जोडपं आलं, मग एक शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. रेघ न कळलेले सगळे तिच्याकडे, आणि त्याने रेघेचा पत्ता देणं काही सोडलं नाही. तिने कोणाला खोटं सांगितलं नाही. समोर आहेत म्हणायची, आणि बसा म्हणायची. बसलेला माणूस उठत नसे. वर्ष सरता सरता तिच्याकडे जिन्यापर्यंत खुर्च्या रचलेल्या आणि त्याच्याकडे शुकशुकाट. ती खिडकीत बसून हे सगळं डोळे भरून बघायची. टाका घालायची, बघायची. दोरा ओवायची, बघायची.

आणि एका दुपारी त्याने सामान बाहेर काढायला सुरुवात केली. दुकान सोडलं होतं. कुठल्याशा कारखान्यात नोकरी धरली होती.

खुर्चीवालीने कोरा एप्रन चढवला, छातीवर नाव असलेला, आणि जिना उतरली. आई मागून ओरडली, "जाऊ नकोस गं!" ही कसली थांबतेय. एवढं वर्ष जे बोलायचं ठरवलं होतं, ते ओठांवर तयार होतं.

तो गोणपाट गुंडाळत होता. हिला बघून म्हणाला, "ये. काही न्यायचंय का?"

"न्यायला नाही. बघायला आले." ती सरळ टेबलाशी गेली, पूर्वीच्या जागी उभी राहिली आणि मान वर केली. पाटी अगदी मापात बसली होती. नाव डोळ्यांत घुसत होतं आणि रेघ थेट छातीवर येत होती. "दिसत होतं ना रोज?" तिने विचारलं.

"दिसत होतं की. छान काढलंय." तो गुंडाळी बांधत म्हणाला. "पण खरं सांगू का? पाटी मी चार दिवस बघितली. नंतर तुला बघायचो."

"मला?"

"खाली बघ ना जरा."

पाटीच्या खाली खिडकी होती, सताड उघडी. खिडकीत टेबल, आणि टेबलाशी तिची खुर्ची, तोंड इकडे केलेली.

"सकाळी यायचो, तू बघत असायचीस. जेवून यायचो, तू बघत असायचीस," तो म्हणाला. "धंदा बसत चालला होता, ते कळत होतं. पण वाटायचं, हिचं अजून माझ्यावाचून चालत नाही. बरं वाटायचं."

टोमणा मारावा तसं त्याने म्हटलं असतं, तर तिने त्याचा तिथेच समाचार घेतला असता. तो आपला सहज बोलून पुढची गुंडाळी करायला लागला. ती तशीच फिरली आणि रस्ता ओलांडून वर आली.

आईला काही न सांगता तिने टेबल एकटीने ओढलं, फरशीवर चरे पडले तरी ओढलं, आणि खुर्चीची पाठ खिडकीकडे केली. "अगं, उजेड मागून येईल, शिवण कशी दिसेल?" आई म्हणाली.

"दिसेल."

ती बसली. दाभणात दोरा ओवला. एक टाका घातला, दुसरा घातला, आणि मनाशी म्हणाली, मेले तरी आता वळून बघणार नाही. खाली शटर ओढल्याचा आवाज आला. तिसरा टाका हातातच राहिला आणि तिची मान वळली.