उपाशी वाफे

तुम्ही कधी कुणाचं भलं करायला जाऊन त्याचं वर्ष बुडवलंय? मी बुडवलंय, आणि तेही सख्ख्या धाकट्या बहिणीचं.

घरात तिला आम्ही बारकी म्हणायचो. मी सातवीतच शाळेला रामराम ठोकला; पुढचं जे शिकले ते मोर्च्यांत आणि कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर. बारकी मात्र कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. वसतिगृहातली तिची खोली म्हणजे निम्मं शेतच. उशाशी मातीच्या पिशव्या, वह्यांत दाबून वाळवलेलं तण, दाराशी चिखलाचे बूट. प्रयोगासाठी तिला मक्याचे बारा वाफे मिळाले होते. प्रत्येकाला खुंटी, खुंटीवर आकडा. त्यांच्या मापांवर तिची पदवी अडकलेली.

ऐन वेळी बारकी तापाने फणफणली. "ताई, नुसतं पाणी सोडून ये," म्हणाली. मी गेले. नऊ वाफे तरारलेले, तीन पिवळेजर्द. तळपायाची आग मस्तकात गेली. वशिला नाही म्हणून पोरीच्या गळ्यात रद्दी जमीन मारली, असंच वाटलं. शेतालगतच्या खताच्या गोदामात विचारायला कुणी नव्हतं. घमेलंभर युरिया उचलला आणि त्या तिघांना पोटभर घातला. बारकीला चकित करायचं म्हणून गप्प बसले.

दहा दिवसांनी ती बांधावर उभी. खुंट्यांकडे बघते, वहीकडे बघते.

"ताई, यांना खत कुणी घातलं?"

"मी. उपाशी मरत होती बिचारी."

"उपाशीच ठेवायची होती." तिचा आवाज अगदी खाली. "यांना काहीच दिलं नाही, तरच खताने बाकीच्यांचं किती भलं झालं ते कळतं."

"मग लिही काहीतरी अंदाजाने. कुणाच्या बापाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

तिने अहवालात सरळ लिहिलं: बहिणीने खत घातल्यामुळे प्रयोग बाद. पदवी वर्षभर लांबली. मी प्राध्यापकांच्या खोलीत भांडायला घुसले. ते चष्मा पुसत माझ्यामागून आलेल्या बारकीला म्हणाले, "पुन्हा पेर. आणि यंदा राखणीला हिलाच बसव, म्हणजे दुसरं कुणी भलं करायला येणार नाही."

बसले. सगळा हंगाम दर रविवारी मी पट्टी धरायचे, उंची सांगायचे, ती टिपायची.

"वाफा चार, रोप सात, एकेचाळीस."

"ताई, पट्टी सरळ धर."

"तू आधी मान सरळ धर."

पिवळे वाफे दिसले की हात शिवशिवायचे. ते पाठीमागे बांधून मी उभी राहायचे. आयुष्यात इतकी गप्प मी दुसरीकडे कुठे उभी राहिले नाही, आणि इतकी सुखातही नाही.

बारकीला पदवी मिळाली. आता ती दूरच्या गावी माती तपासते, फोनवर कायम घाईत असते. ती लाकडी पट्टी मात्र माझ्या पिशवीत आहे. कुणासाठी भांडायला निघाले की आधी तीच हाताला लागते.

तुमच्या घरचं कुणी पिवळ्या रोपांपुढे वही घेऊन बसलेलं दिसलं, तर हातातलं घमेलं खाली ठेवा. आधी त्याला विचारा. आणि जमलं तर पट्टी धरा.