हुबेहूब जेल

प्रयोगशाळेत थोरलीला सगळे ‘जेलर’ म्हणत. पाल्याचा अर्क काढून त्याचं जेल बनवायचं हे तिचं काम, म्हणून हे नाव. आधी ती चिडायची, मग चिडायचा कंटाळा आला. काचेच्या बशीत वाढवलेल्या कातडीच्या पेशींना हा अर्क दिला, की रेडिएशनचा मारा खाऊनही त्यातल्या पुष्कळ जगायच्या. पण बशीत जगल्या म्हणून माणसाच्या अंगावर जगतीलच असं थोडंच आहे? ते पाहायचं तर रेडिएशन घेणाऱ्या कॅन्सरच्या निम्म्या पेशंटना अर्काचं जेल द्यायचं, निम्म्यांना बिनअर्काचं नुसतं, आणि कुणाला कुठलं हे कुणालाही कळू द्यायचं नाही.

ते नुसतं जेल हुबेहूब बनवायचं काम थोरलीच्या गळ्यात पडलं. ऐकायला सोपं, करायला जाऊन बघा. तोच शेवाळी रंग हवा, तोच उग्र वास. अर्काचं जेल वाळल्यावर कातडी किंचित ओढल्यासारखी व्हायची, तेवढं मात्र काही केल्या जमेना. ती हात धुऊन मागे लागली. शेवटी तेही जमलं, तेव्हा प्रयोगशाळेच्या सरांनी दोन्ही जेलं हुंगली, मनगटाला चोळली आणि फरक सापडेना म्हणून हात टेकले. थोरली दिवसभर तोऱ्यात होती.

आणि मग धाकट्या बहिणीच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशन सुरू झालं. घरात त्याला सगळे शेक म्हणत. थोरलीनेच भरीस घालून तिला चाचणीत घेतलं. धाकटीच्या हाती डबी आली, वर नुसता नंबर.

काही दिवसांत काखेखालची कातडी लालभडक झाली. थोरली कामावरून परस्पर तिच्याकडे जायची आणि हलक्या हाताने जेल लावायची. लावता लावता हुंगायची, बोटांत चोळायची. एकदा तर धाकटीची पाठ वळल्यावर तिने ते जिभेलाही लावून पाहिलं. काही पत्ता लागेना. जगात कुणाला ओळखता आलं असतं तर तिलाच, आणि ती वाट तिनेच बुजवून ठेवली होती. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

“खरं सांग, मला अर्काचं आलंय की नुसतं?” धाकटीने एकदा विचारलंच. “नुसतं असेल तर कशाला उगाच चोळत बसतेस?”

“अर्काचंच आहे. मी बनवलंय, मला नाही कळणार?” थोरलीची जीभ जराही अडखळली नाही.

धाकटी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. असल्या वेळी खरं बोलणारा कुणी असेल तर त्याला लांबूनच नमस्कार.

पण कातडी काही शब्दांनी सांधली जात नाही. ती फुटली, पाणी सुटलं, कपडा चिकटून बसायला लागला. डॉक्टरांनी शेक थांबवले. मध्येच शेक थांबले म्हणजे रोगाला रान मोकळं, हे दोघींनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी थोरली गेली तेव्हा धाकटी हात डोक्यावर ठेवून पंख्याखाली बसली होती. जेलची डबी कुठे दिसेना.

“फेकली,” धाकटी म्हणाली. “रागावू नकोस गं. अर्काचं असून माझी ही गत, म्हणजे त्या अर्कात काही दम नाही. तुझ्या इतक्या वर्षांच्या कष्टांचं वाईट वाटतं, शप्पथ.”

थोरली तिच्याजवळ जाऊन बसली.

“शेकाला माझ्यासोबत बसतात ना, त्या बायकांनाही काल सांगून आले. म्हटलं, माझी सख्खी बहीणच बनवते हे. मला अर्काचं आलंय हे तिनेच सांगितलं, आणि बघा माझे हाल. खोट्या आशेवर राहू नका. सगळ्यांना पटलं. त्या शिवणवाल्या बाईंनी तर माझ्यासमोर डबी कचऱ्यात टाकली.” धाकटी फुंकर मारायला जरा थांबली. “त्यांचं मात्र नवल वाटतं गं. माझ्या आधीपासून शेक घेतायत, पण कातडीवर अजून साधा डाग नाही.”