आमच्या वॅगनवरचं छप्पर

आमच्या ड्रायरने आजवर कुणाचंही धोतर खाल्लेलं नाही. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

त्या वर्षी इरा, आमची लेक, चौथीत होती. अमेरिकेच्या पश्चिमेला वस्ती करायला निघालेले लोक कापडी छपराच्या ज्या बैलगाड्यांतून गेले, तशी वॅगन शाळेच्या प्रदर्शनासाठी घरून करून आणायची होती. बाकीच्या मुलांनी बुटाच्या खोक्यांना चाकं लावली. पण मी अमेरिकेतल्या ट्रॉय गावात मोटारींचे ब्रेक डिझाइन करणारा माणूस! मी गराजमध्ये अशी वॅगन उभी केली की तिच्यात इरा स्वतः बसू शकेल. (वॅगन घराच्या दारातून जात नाही, हे नंतर कळलं.)

"बाबा, इट्स ह्यूज!"

"असू दे. लोक हजार मैल गेलेत त्यातून."

आता फक्त छप्पर राहिलं. घरातल्या सगळ्या चादरींवर फुलं नाहीतर कार्टून. दुकानात जायचं, तर बाहेर बर्फाचं वादळ. आणि तेवढ्यात मला ड्रायरवर घडी करून ठेवलेलं, पांढरंशुभ्र, लांबलचक कापड दिसलं.

धोतर ओळखता येऊ नये, असा काही मी इथे जन्मलेलो नाही. ते नानांचं होतं. नाना म्हणजे माझे सासरे, नागपूरहून आलेले. शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण, पूजेला तेच बसणार आणि धोतर हे एकच आणलेलं. पण प्रदर्शन शुक्रवारी! संध्याकाळी काढून परत ठेवू, असं म्हणून मी कापड चिकटवायला ग्लू गन तापवली.

शुक्रवारी नाना हौसेने शाळेत आले. वॅगनपाशी बराच वेळ उभे राहिले. छप्पर चिमटीत धरून पाहिलं. मग इराला म्हणाले, "बाई, तुझ्या टीचरला विचार, हे लोक पोचायच्या आधी तिथं कोण राहत होतं?"

टीचर इतक्या खूश झाल्या की पुढचे काही आठवडे शाळेत त्यावरच धडे घ्यायचं ठरलं. इराला पहिलं बक्षीस मिळालं. आणि त्या धड्यांसाठी वॅगन शाळेतच ठेवून घेतली. छपरासकट!

संध्याकाळी शोधाशोध सुरू झाली.

"अगं अनू, माझं धोतर दिसत नाही."

माझी बायको अनघा रडवेली झाली. "नाना, मीच ड्रायरवर ठेवलं होतं हो!"

"ड्रायर खातो कधीकधी कपडे," मी म्हणालो. "इथे कॉमन आहे."

"सुधीर, मोजे खातो! धोतर कसं खाईल?"

आता माघार नाही. मी बाह्या सरसावल्या आणि धोतर शोधायला ड्रायर पूर्ण उघडला. तो पुन्हा जोडता आला नाही. वर शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "तूच चुकून भलत्या सेटिंगवर लावला असशील."

दुसऱ्या दिवशी नाना माझ्या ट्रॅकपँटमध्ये पूजेला बसले. पार्श्वभागावर मोठ्या अक्षरांत 'ट्रॉय'. ते नमस्काराला वाकले की मागे बसलेल्या सगळ्या मावशी-काकू खाली बघायच्या. आणि अनघा आल्या-गेल्याला सांगत होती, "माझीच चूक झाली हो."

नाना परत निघाले, तेव्हा विमानतळावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"जावईबापू, तुमच्या वॅगनच्या छपरावर आतून आमच्या धोब्याची खूण होती."

"नाना... तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काहून बोलू? नातीची गाडी उघडी पडली असती. घरी विचारलं, तेव्हा तुम्हीच सांगाल वाटलं. धोतर काय बाप्पा, दुसरं भेटते. पण अनूला तेवढं सांगा. अजून बिचारी नव्या ड्रायरसमोर उभी राहून कपडे मोजते."

"सांगतो," म्हणालो. इरा आता आठवीत आहे.

तोंडाने सांगायला जमलं नाही, म्हणून हे इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला पाठवतोय. अंक आमच्या घरी अनघाच आधी उघडते. ती या ओळीपर्यंत पोचेल तेव्हा मी गराजमध्ये असेन. नानांना मी एक धोतर देणं लागतो आणि अनघाला एक माफी.