तांब्याचा वायसर

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बिभीषण लोंढे पिकअपच्या पोटाखाली उताणे पडले होते. पाठीखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स होता. त्यावरच्या माणसाचे जोडलेले हात नेमके त्यांच्या खांद्याखाली आले होते. इंजिन थोडा वेळ चालू ठेवून नुकतंच बंद केलं होतं, म्हणजे आतलं ऑइल पातळ होऊन तळापर्यंत उतरतं. तळाच्या ऑइल-चेंबरच्या नटाला पाना लावला होता आणि तो डाव्या हातात होता.

बाहेर कट्ट्यावर सरफराज प्लास्टिकचा कॅन घेऊन बसला होता. तो सेंटरिंगची कामं घेतो. स्लॅब टाकायच्या आधी प्लेटांना काळं ऑइल फासावं लागतं, नाहीतर काँक्रीट चिकटतं. अक्कलकोट रोडच्या आतल्या बाजूच्या या गल्लीत लोंढ्यांच्या गाडीचं ऑइल बदलायचं म्हटलं की आधी त्या काळ्या ऑइलचे वाटेकरी ठरतात. कुणाला दुकानाच्या शटरला लावायचं असतं, कुणाला शेळ्यांच्या गोठ्यातल्या मेढीला वाळवीसाठी. या खेपेचा मान सरफराजचा होता.

"मामा, झोपला का काय खाली?"

"झोपलो असतो तर घोरलो नसतो का?"

"उद्या स्लॅब हाय. आजच्या आज फासायचंय."

"मग तू ये की खाली. फ्लेक्सवर जागा हाय अजून एकाची."

गाडी त्यांनी कधी गॅरेजला दिली नव्हती असं नाही, पण ऑइल ते घरीच बदलत. गाडी रोज जिथं उभी राहते तिथंच तिचं पोट रिकामं करायचं आणि तिथंच भरायचं, ही त्यांची पद्धत. आज मात्र पद्धतीपलीकडचं कारण होतं. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या अंगाला लकव्याचा झटका आला. चालणं परत आलं, बोलणं परत आलं, मूठ वळायला लागली. या काळात त्यांचं काम दुसऱ्या गाडीला गेलं होतं. काम सावित्रम्मांचं. त्यांच्या शेडमध्ये बायका कडक भाकऱ्या थापतात, आणि त्या भाकऱ्यांचे गठ्ठे शहरातल्या दुकानांत आणि पंढरपूरच्या लॉजेसना पोचवायचे असतात. आपण आज सहाला येऊन गाडी बघू आणि माणूसही बघू, असा निरोप त्यांनी धाडला होता. गाडी तयार दिसली नाही तर काम कायमचं दुसऱ्याकडे जाणार होतं. तसं त्या बोलल्या नव्हत्या, पण बोलायची गरजही नव्हती.

नट सैल झाला. शेवटचे आटे बिभीषणांनी उजव्या बोटांनी सोडवले. ऑइलची जाड काळी धार बोटांवरून घमेल्यात पडली. त्यांनी हात सावकाश काढून घेतला.

शिवबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, आणि एवढ्या वर्षांत ऑइल अंगावर आलं की नवरा काय काय बोलतो ते त्यांना पाठ झालं होतं. आज तो काहीच बोलला नाही. घमेलं ओढून बिभीषण बाहेर आले, तेव्हा चिंधीनं पुसलेल्या बोटांची टोकं लाल झालेली होती.

"भाजलं का?"

"कोमट हुतं."

शिवबाईंनी घमेल्याच्या कडेला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. 

सरफराजनं कॅनच्या तोंडाला नरसाळं लावून घमेलं उलटं केलं. शेवटचा थेंब निथळेपर्यंत धरून ठेवलं. "अल्ला तुमच्या गाडीला लई ऑइल देवो," असं म्हणत कॅन स्कूटरवर पायांपाशी ठेवला आणि निघाला.

बिभीषणांनी जुना फिल्टर काढला, नव्याच्या रबराला बोटानं ऑइल लावून तो बसवला. चेंबरचा नट चिंधीनं पुसला, आटे हातानं धरले, मग पान्यानं आवळला. वरून नवं ऑइल ओतलं. सोनेरी, मधासारखं. इंजिन चालू केलं, मीटरमधला लाल दिवा विझला, मिनिटभरानं बंद केलं. ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली. ऑइल दोन खुणांच्या मधे. पाच वाजत आले होते. त्यांनी कमरेवर हात ठेवून गाडीकडं असं पाहिलं, जणू गाडीनंच काहीतरी करून दाखवलं होतं.

दारात ऑइल सांडलं की शिवबाई त्यावर रांगोळी पसरतात. बाजारातली जाडीभरडी दगडी रांगोळी ऑइल शोषून घेते आणि मग खराट्यानं निघून जाते. त्यांनी डब्यातली मूठभर रांगोळी गाडीखाली फेकली. जमीन पांढरी झाली. त्या खराटा आणायला वळणार, तेवढ्यात पांढऱ्यावर एक थेंब पडला. काळा नव्हता, सोनेरी होता.

"अवं, गळतंय."

"बाहेरचं निथळत आसंल."

शिवबाईंनी वाकून नट आणि त्याच्या भोवतालचा चेंबर कोरडा पुसला आणि तिथंच उकिडव्या बसल्या. थोड्या वेळानं दुसरा थेंब पडला.

बिभीषण पुन्हा खाली गेले आणि नट आवळला. थेंब थांबला नाही. आणखी आवळला असता, पण चेंबरचे आटे गेले तर गाडी उद्या काय, आठवडाभर उभी राहणार, हे त्यांना माहीत होतं. एवढ्या गळतीनं काही इंजिन बसत नाही, हेही माहीत होतं. पट्टी बघत, वरून थोडं थोडं ओतत महिनाभर गाडी चालवता आली असती. सावित्रम्मा काही गाडीखाली वाकून बघणार नव्हत्या. रांगोळी झाडून टाकली की झालं.

"सरका," शिवबाई म्हणाल्या.

"तू कुटं येतीस?"

"तुमीच म्हणलासा की, जागा हाय एकाची."

पदर खोचून त्या फ्लेक्सवर आडव्या झाल्या. हात वर करून नटाच्या डोक्याभोवती बोट फिरवलं.

"हितं ते तांब्याचं कडं असतंया की. लागंना हाताला."

बिभीषणांनी डाव्या हातानं चाचपून पाहिलं.

"दर बारीला नट काढला की ते कडं तुमी ओठात धरून ठिवता. निम्म्या गोष्टी नाकातनं बोलता मला. आज धरलं न्हाय."

तांब्याचा तो पातळ वायसर नट आणि चेंबर यांच्या मधे बसतो. जुना झाला की कधी नटाला चिकटून येतो, कधी धारेबरोबर सुटतो. सुटला तर बोटाला कळतो, बसवताना नसला तर बोटाला कळतो. आज दोन्ही वेळा बोटाला कळलं नव्हतं. वायसर घमेल्यात पडला होता, घमेल्यातून सरफराजच्या कॅनमध्ये गेला होता आणि कॅन स्लॅबच्या जागेवर.

"हाताला कळलं न्हाय, व्हय?" शिवबाईंनी विचारलं. दोघं शेजारी शेजारी उताणी पडून चेंबरकडं बघत होती.

"न्हाय."

"कवापासनं?"

"दवाखान्यातनं आल्यापासनं. मूठ आवळती. टोकं मातूर बधिर हायती. दुसऱ्याची वाटत्यात." मग ते म्हणाले, "डॉक्टरला सांगितलं न्हाय. गाडी बंद केली असती त्येनं."

"मला म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"कप तुमच्या डावीकडं ठिवतीया मी दिवाळीपासनं. तुमाला काय वाटलं, चुकून ठिवती?"

तिसरा थेंब पडला. तो त्यांच्या शर्टावर पडला.

स्पेअर पार्टच्या दुकानाची आज आठवड्याची सुट्टी होती. बिभीषणांनी सरफराजला फोन लावला. त्यानं निम्म्या प्लेटा फासून टाकल्या होत्या. कॅन हलवून पाहतो म्हणाला, आणि हलवल्यावर फोनमधून खुळखुळ आवाज आला. "बुडाला हाय, मामा. ऑइलच द्या म्हणलो हुतो, तुमी दागिना बी दिला." ऑइल रिकाम्या बादलीत काढतो आणि घेऊन येतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

नट पुन्हा काढायचा तर नवं ऑइल वाया जाऊ द्यायचं नव्हतं. शिवबाईंनी स्टीलचं मोठं पातेलं आणलं. "ह्यात आता भात शिजायचा न्हाय," एवढं बोलून ते गाडीखाली सरकवलं. नट या वेळी शिवबाईंनीच सोडवला.

सरफराजच्या आधी सावित्रम्मा आल्या. रिक्षातून उतरल्या, चपलेला पीठ लागलेलं. गाडीचं बॉनेट उघडं, खाली पातेलं, पातेल्यात सोनेरी ऑइल आणि शेजारी काळ्या हातांची नवरा-बायको.

"काय ओ लोंढे, गाडी तळायलाय का काय?"

तपासून बघत होतो, असं सांगता आलं असतं. बिभीषणांच्या ओठांवर ते आलंही होतं. त्यांनी शिवबाईंकडं पाहिलं. त्या पातेल्यात बघत होत्या.

"वायसर ऱ्हायला," ते म्हणाले. "गेलेला हाताला कळला न्हाय. उजव्या बोटांची टोकं बधिर हायती, सावित्रम्मा. आदी सांगायला पायजे हुतं."

सावित्रम्मा कट्ट्यावर बसल्या. वीस बायकांचं काम त्या चालवतात. पटकन बोलायची त्यांना सवय नाही.

"स्टेअरिंग धरताय का नीट?"

"धरतो."

"गिअर?"

"त्यो डाव्याच हाताचा की."

"दाखवा मला. पण आधी हे तळण आवरा."

सरफराज आला. वायसर त्यानं कागदात गुंडाळून आणला होता, साबणानं धुऊन. बिभीषणांनी तो ओठात धरला, नेहमीसारखा. नट पुसला, वायसर नटावर चढवला आणि नट शिवबाईंच्या हाती दिला. त्यांनी आटे धरले, बोटानं सगळीकडून चाचपलं. "बसला," त्या म्हणाल्या. मग बिभीषणांनी पान्यानं नट आवळला. पातेल्यातलं ऑइल सुती कापडातून गाळून परत ओतलं.

सावित्रम्मा केबिनमध्ये बसल्या. गाडी गल्लीतून बाहेर गेली, मोठ्या रस्त्यानं वळसा घालून परत आली. उतरल्यावर सावित्रम्मांनी साडी सारखी केली.

"पंढरपूर त्या दुसऱ्या गाडीकडंच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तेवढ्या लांब मी तुम्हाला धाडणार न्हाई, राग मानू नका. शहरातली नवी पेठ करा उद्यापास्नं. आणि डॉक्टरला खरं सांगा. ते काय म्हणतेत, त्यावर परवाचं बघू."

बिभीषणांनी मान हलवली. पंढरपूरचा रस्ता त्यांच्या आवडीचा होता. 

सावित्रम्मांची रिक्षा गेल्यावर शिवबाईंनी गाडीखालची जागा झाडून ताजी रांगोळी पसरली. दिवेलागणीला दोघांनी मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. रांगोळी पांढरी होती. चहा झाला. शिवबाईंनी कप डावीकडं ठेवला.

उद्या सकाळी साडेसहाला गाडी सावित्रम्मांच्या शेडवर लागेल, डाव्या सीटवर शिवबाई असतील. दहाच्या पुढं नवी पेठेत पिकअप आत घालता येत नाही, म्हणून तिथल्या पाचही दुकानांचे गठ्ठे नऊच्या आत उतरतील. डॉक्टरांचा दवाखाना दहाला उघडतो.